चौदा अ, चौदा ब, चौदा क

आमच्याकडे अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट विकत मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. शहरात दुकानं आहेत. 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' घ्या, कोड घ्या, रिपोर्ट घ्या, वरून सोनेरी अक्षरांची रेक्झिनची बांधणी घ्या. ज्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं अजून कार्डावर दिली जातात, तिथल्या कपाटात अशा सिस्टीमचे ढीग लागलेले असतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवते. प्रोजेक्टचा विषय माझ्याकडे आल्यावर मी काही नियम केले. पाच जणांची टीम, कॉलेजबाहेरचा खराखुरा ग्राहक, दर दोन आठवड्यांनी काहीतरी चालतं दाखवायचं, आणि सगळा कोड गिटवर, म्हणजे कोडमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं ते लिनक्सच्या कामासाठी. मला त्याचा उपयोग वेगळाच होतो. पाच नावांचं काम सबमिशनच्या आदल्या रात्री दोन ते तीनच्या मध्ये झालेलं असलं, की ते लगेच दिसतं.

त्या वर्षी एका टीमनं जवळची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणारी गिरणी, धरली. हमीभावाची कापूस खरेदी आमच्या भागात जिनिंगच्याच आवारात होते. गेटवर गाड्यांची रांग लागते, रजिस्टरला नोंद होते, नंबर मिळतो, मग ग्रेडर ओलावा पाहतो, मग काटा. पोरांना ही रांग मोबाइलवर आणायची होती. ऑगस्टमध्ये जिनिंग बंद असताना ती जाऊन आली, गेटवरच्या काकांशी बोलली, जुन्या रजिस्टरच्या पानांचे फोटो काढले आणि त्यावरून एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरनं काय काय करायचं याचा लेखी दस्तऐवज, लिहिला. छान लिहिला होता. आकृत्यासुद्धा सरळ रेषेत.

आमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच युनिटला धबधबा मॉडेल येतं: आधी गरजा, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी. १९७० च्या ज्या निबंधातून ही आकृती पुढे आली, त्यात विन्स्टन रॉइस यांनी 'धबधबा' हा शब्द कुठेच वापरलेला नाही. उलट असं सरळ खाली उतरत जाणं जोखमीचं आहे, हे आकृतीच्या पाठोपाठ लिहून ठेवलंय. पेपरात मात्र आकृतीच विचारतात.

जानेवारीत चाचणीचा दिवस ठरला. रजिस्टर चालूच राहणार होतं, शेजारी आमचा टॅबलेट. सुरुवातीच्या गाड्या झरझर गेल्या. टीम लीडर प्रत्येक टोकन निघालं की माझ्याकडे बघायचा. मग एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत ताडपत्र्या टाकून कापसाचे तीन वेगळे ढीग केलेले, आणि वर तीन कास्तकार बसलेले. पहिल्याची नोंद झाली. दुसऱ्याचं नाव टाकलं, तर पडद्यावर लाल अक्षरं: 'हे वाहन आधीच नोंदलेले आहे.'

मागून हॉर्न सुरू झाले.

डेटाबेसवाला पोरगा म्हणाला, वाहन क्रमांकापुढे एक टिंब टाकू, चालून जाईल. लीडर म्हणाला, तिघांचा माल एकाच्याच नावावर घेऊ. यावर ट्रॉलीवरचे तिघंही एकदम खाली उतरले. साहजिकच होतं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि एकरी किती क्विंटल घ्यायचं याची मर्यादा ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावरच्या पेऱ्यावरून ठरते. एकाच्या नावावर तिघांचा कापूस बसलाच नसता.

"एका गाडीले एकच कास्तकार असते का मॅडम?" गेटवरचे काका हसत म्हणाले. "पाच क्विंटलवाल्यानं आख्खी ट्रॉली कायले करावी?" आणि त्यांनी रजिस्टर फिरवून समोर धरलं. नंबरच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: १४ अ, १४ ब, १४ क.

टेस्टिंग करणाऱ्या मुलीनं मोबाइलमधले ऑगस्टचे फोटो काढले. तिथेही होतं. ९ अ, ९ ब. २२ अ. पोरांनी रकान्यांची नावं उतरवून घेतली होती; खाली काय लिहिलंय ते कोणी वाचलंच नव्हतं.

इथवर झालं ते कुठल्याही प्रोजेक्टमध्ये होतं. मी हादरले ते पुढे. आम्ही टॅबलेट बंद करून चहाच्या टपरीवर बसलो होतो. टीममधला एक पोरगा स्क्रीन बनवायचा, बटणांचे रंग वगैरे. फार न बोलणारा. तो हळूच म्हणाला, "माह्या बाबाचा कापूस काकाच्याच ट्रॉलीत येते मॅडम. दरवर्षी."

"मग ऑगस्टपासून बोलला का नाहीस?"

"एसआरएसमध्ये नव्हतं ना. मले वाटलं, सॉफ्टवेअरमध्ये असंच असते."

वर्गातली निम्मी पोरं कापसाच्या घरातली. वेचणीच्या दिवसांत हजेरी का पडते हे मला माहीत असतं. पण हीच पोरं कॉलेजचं गेट ओलांडताना घरचं सगळं बाहेर चपलेसारखं काढून ठेवतात, आणि मग इंग्रजी पुस्तकातल्या एटीएमची युज केस, म्हणजे वापरणारा त्यावर काय काय करतो याचं वर्णन, पाठ करतात. ज्या गावात एटीएम नाही त्या गावातला पोरगा! त्याला गरजा गोळा करायला बाहेर कुठे जायची गरजच नव्हती. त्याला विचारायला हवं होतं, आणि विचारणार कोण, तर लीडर. आणि लीडरच्या लेखी तो 'फ्रंटएंडवाला'.

मग मात्र त्याला थांबवता येईना. त्यानं सांगितलं, तीन जणांची गाडी काट्यावर चार वेळा चढते. आधी भरलेली. मग एकाचा माल उतरवून, मग दुसऱ्याचा, शेवटी रिकामी. आमच्या डेटाबेसच्या टेबलात वजनाचे दोनच रकाने होते, भरलेलं आणि रिकामं. "आनं मधल्याचा माल परत केला तं?" हे त्याचंच. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे बारापर्यंत कपात, बाराच्या वर घेतच नाहीत. "मंग तो ट्रॉलीतच राहते. शेवटचं वजन रिकाम्या गाडीचं नसतेच."

डेटाबेसवाल्यानं मान खाली घातली. हा पोरगा हुशार, जवळजवळ सगळा पडद्यामागचा कोड त्याचाच, आणि टेबल फोडायचं म्हणजे त्याचे चार महिने फोडायचे. तो चिडला. टिंब टाकून भागत असताना एवढं कशाला, म्हणाला. लीडरनं हॉस्टेलमधल्या आणखी एका कोडरला बोलवायचं काढलं. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हा फ्रेड ब्रुक्स यांचा १९७५ चा नियम. तो पोरांनी सेमिस्टर परीक्षेत लिहिलेला होता. मी फक्त तेवढी आठवण करून दिली. भांडण त्यांचं त्यांना भांडू दिलं. अशा वेळी मधे पडलं की पुढचे सगळे निर्णय पोरं आपल्यालाच विचारतात.

तासाभरानं सरकीच्या रिकाम्या पोत्यावर खडूनं नवीन आराखडा उतरला. वाहन वेगळं, फेरी वेगळी. एका फेरीत कितीही जणांचा माल. आणि वजनं स्वतंत्र टेबलात, एकामागून एक. दोन लागोपाठच्या वजनांतली वजाबाकी म्हणजे त्या माणसाचा कापूस, मग शेवटी गाडी रिकामी असो वा नसो. पोत्यावर खडू होता स्क्रीनवाल्याच्या हातात. डेटाबेसवाला बाजूला उभा राहून चुका काढत होता, म्हणजे राग उतरला होता.

फेब्रुवारीत दुसरी चाचणी झाली. तोवर आवक उतरली होती, पण वाटून आणलेल्या ट्रॉल्या होत्याच, आणि सगळ्या नोंदल्या गेल्या. काकांनी पावती हातात घेऊन तोंड वाकडं केलं. नंबर १४-१, १४-२ असे छापले होते. "ड्रायव्हर इचारते, हा नंबर हाय का वजन?" पोरांनी तिथेच बसून अ, ब, क केलं.

व्हायवाला एक्सटर्नल सरांनी नॉर्मलायझेशनची, म्हणजे तीच माहिती पुन्हा पुन्हा साठवावी लागू नये म्हणून टेबलं वेगळी करण्याची, व्याख्या विचारली. लीडरनं पुस्तकातली सांगितली. स्क्रीनवाल्यानं ट्रॉली सांगितली. सरांनी दोघांना सारखेच मार्क दिले. मला ते पटलं नाही, पण बाहेरच्या परीक्षकाशी वाद घालायचा नसतो.

काकांची मागणी आता वाढली आहे. काट्यावरचा आकडा हातानं टाकायचा त्यांना कंटाळा येतो, तो आपोआप यायला हवा. तिसऱ्या वर्षातल्या दोन मुली परवा जाऊन काट्याच्या डिस्प्लेची मागची बाजू बघून आल्या. आकडा केबलनं बाहेर काढायचा सिरियल पोर्ट आहे म्हणाल्या, केबल मात्र उंदरांनी खाल्लीय.