तीन इंच खाली

गिरगावातील आमच्या स्वयंपाकघराचे सिंक बदलायचे ठरले, तेव्हा दुकानात उभे राहून आम्ही फक्त त्याची खोली पाहिली. जुने सिंक सहा इंच खोल होते. त्यात कुकर आडवा धरून घासावा लागे आणि निम्मे पाणी ओट्यावर उडे. म्हणून नवे नऊ इंची घेतले. त्याच्या तळाचे छिद्र आता तीन इंच खाली येणार आणि पाइप ज्यातून बाहेर जातो ते भिंतीतले भोक मात्र जागच्या जागी राहणार, हे साधे गणित दुकानदाराने सांगितले नाही आणि आम्हालाही सुचले नाही.

प्लंबरने ओट्याखाली डोके घालून आधी जुना पाइप बाहेर काढला. वळ्यावळ्यांच्या त्या लवचीक पाइपाला पूर्वीच्या कोणा कारागिराने बाक देऊन तारेने बांधले होते. तार गंजून तुटली होती आणि बाक सुटून पाइप थेट भिंतीत उतरला होता. ‘‘काका, यात पाणी थांबतच नव्हतं. वास येत असेल तुम्हाला,’’ तो म्हणाला. वास येत होता, आणि त्याचे खापर आम्ही कित्येक वर्षे मागच्या हाऊस गल्लीवर, म्हणजे इमारतींमागच्या सांडपाण्याच्या बोळावर, फोडत होतो. मे महिन्यात पाहुणे आले की खिडकी लावून घेत होतो, म्हणजे घरचाच वास घरात कोंडत होतो.

लंडनमध्ये घड्याळे बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली शौचकूपाचे पेटंट घेतले, त्यात असा वाकडा पाइप होता. बाकात जेमतेम दोन इंच पाणी अडून राहते आणि तेवढ्याने गटारातली हवा, झुरळे यांची वाट बंद होते. प्रत्येक धुण्याबरोबर ते पाणी बदलते, म्हणून कुजत नाही. ते आटले तर काय होते, हे २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत दिसले. तिथे सार्स हा श्वसनाचा साथरोग पसरण्याच्या कारणांत न्हाणीघरांतल्या कोरड्या पडलेल्या अशा बाकांची, म्हणजे ट्रॅपांचीही गणना झाली.

आता नव्या सिंकखाली बॉटल ट्रॅप, म्हणजे बाटलीच्या आकाराचा तयार ट्रॅप बसवायचा, तर त्याचे तोंड भिंतीतल्या भोकाच्या खाली जात होते. लवचीक पाइप खाली उतरवून पुन्हा वर चढवला तर काम अर्ध्या तासात होईल, असे मीच सुचवले. त्यावर प्लंबरने सांगितले की सिंक रिकामे होईल, पण पाइपाचे पोट कधीच रिकामे होणार नाही. तूप-तेलाचा थर, भाताची शिते आणि चहाची पत्ती तिथेच साचत जातील. पाइपाला भिंतीपर्यंत फुटाला पाव इंच तरी उतार हवा. तेव्हा भोकच तीन इंच खाली घेणे आले.

भोक खाली घ्यायचे म्हणजे बाहेरच्या उभ्या पाइपातला जोडही खाली घ्यायचा, आणि तो पाइप साऱ्या मजल्यांचा. सोसायटीची परवानगी मिळाली. दुपारी २ ते ५ या वेळेत वरच्या मजल्यांनी स्वयंपाकघरात पाणी सोडू नये, अशी सूचना फळ्यावर लागली. सिंकची किंमत ठरवताना या तीन इंचांची किंमत आम्ही धरली नव्हती. दोरीच्या झोपाळ्यावर बसून तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर पाइप कापणाऱ्या माणसाची मजुरी सिंकपेक्षा जास्त झाली, आणि ती देताना मला घासाघीस करावीशी वाटली नाही. साडेतीनच्या सुमारास वरच्या कोणी तरी तांदळाचे धुवण ओतले आणि ते उघड्या पाइपातून थेट त्याच्या खांद्यावर आले. तो वर पाहून एवढेच म्हणाला, ‘‘आज भात उशिरा दिसतोय.’’

जोडांवरचे सोल्युशन वाळल्यावर रात्री सिंक काठोकाठ भरले, बूच काढले आणि ओट्याखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले. जमिनीवर न दिसणारा थेंब कागदावर लगेच उमटतो. कपलिंगखाली रुपयाएवढा डाग आढळला. नट पाव फेरा आवळून नवे पान अंथरले. सकाळी ते कोरडे होते. हिने घडी घालून रद्दीत टाकले आणि सिंकमध्ये कुकर उभा ठेवला.