अर्धवट गोधड्या मार्गी लावताना

माझ्याकडे एकाच वेळी तीन गोधड्या अर्धवट पडून होत्या. एक मोठी, नऊ लहान चौकोन जोडून केलेल्या ब्लॉकची. दुसरी लहान, त्रिकोण जोडून करायची. आणि तिसरी जुन्या मऊ सुती कापडाची, पूर्णपणे हाताच्या धावदोऱ्याची. नोकरी, घर, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंच्या औषधांच्या वेळा यांतून एखादी सलग मोकळी दुपार मिळाली की शिवायला बसायचे, अशा बेताने ही कापडे कपाटात राहिली होती. तशी दुपार अधूनमधून मिळायचीही. पण कुठपर्यंत आले होते, उरलेल्या पट्ट्या कोणत्या पिशवीत आहेत, हे शोधण्यातच तिचा मोठा भाग जायचा आणि हात बसतो न बसतो तोच कोणाची तरी हाक यायची. शिवणकामात प्रत्यक्ष टीप मारायला फारसा वेळ लागत नाही, वेळ खातात ते निर्णय, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे आणि पुढची सगळी मांडणी मी त्याच मतावर केली.

प्रत्येक गोधडीला एक डबा दिला. त्यात फक्त पुढच्या एका कामाचे साहित्य, म्हणजे ते तुकडे, तो धागा, ती सुई, आणि वर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर ‘गोधडी पुढे नेणे’ असले मोघम काही न लिहिता ‘गडद पट्ट्यांच्या जोडांना इस्त्री’ असे नेमके काम लिहायचे. त्याचबरोबर कामांची विभागणी केली ती लागणाऱ्या वेळेवरून नव्हे, तर लागणाऱ्या डोक्यावरून. कापणे, मापे काढणे आणि रंगांची मांडणी ही कामे ताज्या डोक्याने, बहुधा सुटीच्या दिवशी सकाळी; टीप मारणे, इस्त्री करणे, धागे छाटणे ही थकलेल्या संध्याकाळीही होणारी; आणि धावदोरा किंवा गोट, म्हणजे कडेला दुमडून लावायची पट्टी, हेम करणे हे कोणाशी बोलत, कोणाचा अभ्यास घेत करण्याजोगे. हाताशी वीस मिनिटे असली की ती कोणत्या प्रकारची आहेत एवढेच पाहायचे आणि त्याप्रमाणे डबा उघडायचा.

मोठ्या गोधडीचा आकार 60 बाय 72 इंच होता. ब्लॉक तयार मापाने, म्हणजे सगळे शिवून झाल्यावर, 6 इंचांचा धरल्यावर आडव्या 10 आणि उभ्या 12 अशा 120 जागा होतात; त्यांतल्या निम्म्या जागी नऊ चौकोनांचे ब्लॉक आणि निम्म्या जागी साधे अखंड चौकोन. साठ ब्लॉकचे चौकोन सुटे कापायचे म्हटले तर 540 तुकडे हाताळावे लागतात, आणि घरात येजा असताना ते एका जागी राहत नाहीत. त्यामुळे पट्ट्यांची पद्धत धरली. अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांचे दोन प्रकारचे संच शिवायचे, एक गडद-फिकट-गडद आणि दुसरा फिकट-गडद-फिकट, आणि मग हे संच आडवे अडीच-अडीच इंचांवर छेदायचे. पट्टीची कामाला येणारी लांबी 40 इंच धरली तर एका संचातून 16 तुकडे निघतात. ब्लॉकला पहिल्या प्रकारचे दोन आणि दुसऱ्या प्रकारचा एक तुकडा लागतो. म्हणजे पहिल्या प्रकारचे आठ आणि दुसऱ्याचे चार संच पुरे होतात. हा हिशोब एकदा कागदावर उतरला आणि काम एकदम आटोक्यात आले. बारा संच ही गोष्ट डोळ्यांसमोर येते. 540 चौकोन येत नाहीत.

शिवणीची माया, म्हणजे टिपेच्या बाहेर राहणारे कापड, पाव इंच, म्हणजे दोन सूत. हे माप डोळ्याच्या अंदाजावर सोडून चालत नाही. माया दोन्ही बाजूंच्या कापडातून जाते, त्यामुळे ती अर्धा सूत जास्त घेतली गेली तरी एका जोडात एक सूत कापड कमी होते; ब्लॉकमध्ये एका दिशेने दोन जोड असल्याने शेजाऱ्यांना जोडण्याआधी साडेसहा इंच भरायला हवा तो ब्लॉक सव्वासहाच भरतो, आणि शेजारचा अखंड चौकोन मात्र साडेसहाचाच राहतो. मग ओढूनताणून जुळवाजुळव करावी लागते. मी मशीनच्या पत्र्यावर सुईपासून बरोबर पाव इंचावर जाड कागदाची पट्टी चिकटवली आणि कापडाची कड तिला घासून नेऊ लागले. दिवसाच्या शेवटी डोळे जड झालेले असतानाही शिवण सरळ राहिली ती या पट्टीमुळे. असल्या आधारांना मी फार मानते, कारण रोजच्या धबडग्यात शिवणाऱ्याचे लक्ष कधीच पूर्ण हजर नसते.

इस्त्रीबाबत एक नियम पाळला. प्रत्येक जोडाची माया गडद कापडाकडे झुकवायची. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या संचात ती बाहेरच्या अंगाला जाते आणि दुसऱ्यात आतल्या. दोन तुकडे समोरासमोर ठेवले की उलट दिशांना झुकलेल्या माया एकमेकींना अडतात. बोटांनी चाचपून पाहिले तर त्या जागी बारीकसा अडसर लागतो आणि मग पुढेमागे फट राहत नाही. तिथे टाचणी लावली नाही तरी कोपरे जुळतात. हे काम पुढे सासूबाईंनी आपणहून घेतले. “तू टीप मारत बस, ती चळत इकडे दे,” असे म्हणून त्या टेबलाशी उभ्या राहायच्या. “आई, इस्त्री फिरवू नका, नुसती दाबून उचला, नाहीतर पट्टी ताणते,” असे मी एकदा सांगितले, तर त्यांनी मलाच ऐकवले, “शर्टाच्या कॉलरी मी तुझ्या जन्माआधीपासून करतेय.” त्यांच्या हातची चळत माझ्यापेक्षा सपाट असायची, हे खरे.

तुकडे शिवताना धागा मध्ये तोडायचा नाही; एक जोडी संपली की लगेच दुसरी दाबपट्टीखाली सरकवायची आणि शेवटी माळेसारखी निघालेली लड कात्रीने सुटी करायची. लडीच्या सुरुवातीला आणि शेवटी एखादा फालतू चिंधीचा तुकडा शिवण्याची रीत आहे, म्हणजे सुईखाली धाग्याचा गुंता होत नाही. मी चिंधीऐवजी तिथे लहान गोधडीचे त्रिकोण शिवू लागले. त्यांची जुळणी अशी: 3 इंचांचा तयार चौकोन हवा असेल तर गडद आणि फिकट असे 4 इंचांचे दोन चौकोन सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवायचे, कर्णाची रेघ आखायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप मारायची आणि रेघेवर कापायचे. दोन दुरंगी चौकोन मिळतात, ते साडेतीन इंचांना छाटून घ्यायचे. कर्णाची कड उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरकी, असल्याने ती सहज ताणली जाते, पण आधी टीप आणि मग काप या क्रमामुळे तो त्रास उरत नाही. आखून ठेवलेल्या जोड्यांची एक वाटी मशीनशेजारी असायची. त्या गोधडीसाठी वेगळा वेळ काढला नाही, आणि तरीही दुरंगी चौकोनांची चळत वाढत गेली.

वेळेच्या तुकड्यांनी जे जमते त्याची मर्यादा थर लावताना कळते. अस्तर, मधला कापसाचा थर आणि वरचे जोडकाम यांना जमिनीवर सपाट जागा आणि सलग दोन-तीन तास लागतातच. त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही. त्यासाठी घरात आधी सांगून ठेवावे लागले आणि त्या सकाळी बैठकीच्या खोलीत कोणी यायचे नाही असे ठरले. अस्तर चारही बाजूंनी तीन-तीन इंच मोठे घेऊन, उलट बाजू वर करून, चिकटपट्टीने ताठ बसवले, पण ओढले नाही. ओढून बसवलेले अस्तर पट्टी काढताच आखडते आणि मागे सुरकुत्या धरते. सेफ्टी पिना न वापरता मी लांब कच्चे टाके घातले, मध्यापासून कडेकडे, साधारण मुठीच्या अंतरावर. पिना लवकर लागतात हे मान्य; पण पुढचे काम काही महिने रेंगाळणार असेल तर पिना कापडात राहतात, दमट हवेत त्यांचा गंज उतरतो आणि भोके मोठी होतात. कच्चा दोरा घातलेली गोधडी घडी घालून कितीही दिवस ठेवता येते.

हाताच्या गोधडीचे एकक मी धागा हे ठेवले. एका वेळी हातभर धागा ओवायचा आणि तो संपला की उठायला मोकळे. सुया आधीच ओवून ठेवल्या की संध्याकाळी चष्मा शोधण्यापासून सुरुवात होत नाही. ओळ पूर्ण करून थांबण्यापेक्षा मधेच थांबणे मला सोयीचे वाटते, कारण पुढचा टाका कुठे घालायचा हे कापडच सांगते. फक्त सुई काढून घ्यायची आणि दोरा लोंबता ठेवायचा. घरात लहान मूल असताना सुई कापडात सोडू नये.

गोटाचा हिशोब सांगायला हवा, कारण तिथे शेवटच्या क्षणी कापड कमी पडते. मोठ्या गोधडीचा घेर 264 इंच. कोपरे आणि शेवटचा जोड धरून 275 हवेत. चाळीस इंचांच्या सात पट्ट्या म्हणजे 280, म्हणून त्या पुरतील असे वाटते. परंतु पट्ट्या तिरक्या जोडल्या की अडीच इंच रुंदीच्या पट्टीत प्रत्येक जोडाला अडीच इंच जातात. सहा जोडांत पंधरा गेले की उरतात 265. म्हणून आठ पट्ट्या कापायच्या. गोट पुढून मशीनवर लावून मागून हाताने हेम केला, आणि हे हेमिंग दुचाकी दुरुस्त होईपर्यंत बाकावर बसून, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, असे जागा मिळेल तिथे झाले.

मोठी गोधडी आता वापरात आहे. धावदोऱ्याची निम्म्याहून पुढे गेली आहे. त्रिकोणांचे दुरंगी चौकोन पुरेसे जमले आहेत, पण त्यांची मांडणी ताज्या डोक्याचे काम असल्याने ती चिठ्ठी मी सुटीच्या सकाळसाठी राखून ठेवली आहे.