पेटी काळी एकात, पोरं पांढरी चारात

कोकणातल्या वाडीवरच्या प्राथमिक शाळेला संगीताचा शिक्षक क्वचितच मिळाला. तरी पोरं सुरात गायला शिकली, आणि शिकली ती गॅदरिंगच्या तालमीत. भातकापणी आटपली, दिवाळीची सुट्टी संपली की भजनी मंडळाचे बुवा पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेऊन शाळेत यायचे. तिथून स्नेहसंमेलनापर्यंतचे चार-पाच आठवडे, हाच आमच्याकडचा संगीताचा अभ्यासक्रम. आजही त्याहून चांगला कुठे दिसत नाही.

पहिलं काम पेटीचं. पावसाळाभर दमट हवा खाऊन बोटांनी दाबायच्या लाकडी पट्ट्या फुगतात, शेजारणीला घासून खालीच अडकतात आणि भाता हलला की तो सूर आपोआप वाजत राहतो. अडकलेली पट्टी काढून तिची कड पॉलिश पेपरनं दोन-चार हात घासली की मोकळी होते. जास्त घासली तर लुळी पडून खडखडते. मुका झालेला सूर बहुतेक वेळा तुटलेला नसतो. पितळी जिभेखाली धूळ नाहीतर हिरवट गंज बसलेला असतो, पातळ कागद खालून हलकेच फिरवला की सूर बोलू लागतो. ब्लेडनं खरवडलं की तो चढतो किंवा उतरतो, मग पेटीवाल्याकडेच न्यावी लागते.

खरा घोटाळा व्हायचा गाण्याच्या पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला षड्ज (सा) धरायचा याचा. बुवांचा गळा काळी एकाचा, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरणारा, म्हणून पोरांचं गाणंही काळी एकात धरलं जायचं. गाणं मध्य षड्जापासून (मधला सा) तार षड्जापर्यंतच (वरचा सा) फिरत असेल तर ते चालून जातं. पण चाल मंद्र पंचमापर्यंत (मधल्या सा-खालचा प) उतरली की पहिली-दुसरीच्या पोरांचे नुसते ओठ हलतात, आवाज निघत नाही. मास्तरांना वाटायचं, पोरं लाजतात. जाणते बुवा मात्र आधी गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधायचे, मग षड्ज ठरवायचे. मंद्र पंचमाचं गाणं पांढरी चारात नेलं की तोच पंचम पांढरी एकावर येतो आणि अख्खा वर्ग ऐकू येतो. तबला पुन्हा चढवायचीही गरज नाही, पांढरी एकात लावला की तो पंचमात बोलतो.

शिकवण्याची रीत ठरलेली. आधी चाल नाही, नुसते शब्द, केरवा तालाच्या आठ मात्रांवर टाळी देत. मग एक ओळ दोनदा ऐकायची आणि तिसऱ्यांदा म्हणायची. पोरं म्हणत असताना पेटी बंद. हे फार महत्त्वाचं, कारण पेटी सतत सोबत असली की पोरं तिच्यावर रेलतात आणि ती थांबली की सगळीच कोसळतात. तालीम खिचडीच्या आधी, वीस मिनिटं, त्यापुढे नाही. लहान पोरं दमली की गात नाहीत, ओरडतात, आणि शेवटच्या आठवड्यात निम्मे गळे बसतात.

कार्यक्रमाच्या रात्री शत्रू म्हणजे दव. संध्याकाळी लावलेला तबला नऊच्या सुमारास उतरतो, कारण ओलसर हवेत चामडं सैल पडतं. अशा वेळी पडद्याआड तबलजी मांडीत तबला घेऊन बसायचा, समोरासमोरच्या घरांवर (वादीच्या दोन पदरांमधल्या जागा) एकाआड एक हातोडी मारायचा, गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामडी वेणीवर, वरून खाली, आणि दर दोन ठोक्यांनी चाटीवर (कडेची चामडी पट्टी) बोट टेकवून ऐकायचा. एकाच बाजूनं ठोकत गेलं की एका घराला एक सूर, दुसऱ्याला दुसरा. सूर उतरवायची वेळ आली, तर तोच ठोका खालून वर.

माईक एकच असला तर पोरं अर्धगोलात, बुटकी पुढे, माईक त्यांच्या हनुवटीच्या उंचीला आणि हातभर लांब. कर्णे पोरांच्या पुढे लावायचे, मागे लावले की शिट्टी सुरू. मंचावर चढली की पोरं लय वाढवतात. तबलजी त्यांच्यामागे धावला तर दुसरा अंतरा शर्यतच होते, म्हणून त्यानं ठेका धरून बसायचं.

जाखडी, म्हणजे कोकणातलं गोलात नाचायचं लोकनृत्य, मंचावर कधीच बसली नाही. गाणारे-वाजवणारे मध्ये आणि आठ पोरं भोवती म्हटली तरी दहा-बारा फुटांचा गोल लागतो. टेबलं जोडून केलेल्या मंचावर तेवढा कुठला! समोरच्या सारवलेल्या खळ्यात मात्र ती रंगायची, आणि पायातल्या चाळांचा आवाजही जमिनीवरच नीट उठतो.

शेवट राष्ट्रगीतानं. ५२ सेकंदांचं ते गीत पेंगुळलेली पोरं सहज सव्वा मिनिटावर नेतात, म्हणून पुढच्या रांगेत लय सांभाळणारी दोन थोरली मुलं उभी करायची. आणि सूर देताना पेटीवर नीट पाहायचं. आधीचं समूहगीत पांढरी चारात झालेलं असतं, हात तिथंच पडतो आणि ‘जय हे’च्या तार षड्जाला सगळा मांडव चिरकतो. राष्ट्रगीताला काळी एकच.