आईची गोळी आणि नेवार्कचं विमान

आईला ताईकडे न्यू जर्सीला न्यायचं ठरलं, तेव्हा तिकीट वाचून मी म्हणालो, "पावणेबारा तास." रात्री दीडला मुंबई, दुपारी सव्वाला नेवार्क. आईची शंका साधी होती: "मग मधुमेहाची रात्रीची गोळी विमानात घ्यायची की उतरल्यावर?" तिथेच माझं गणित ढेपाळलं.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. जूनमध्ये न्यू जर्सीचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे चालतं (हिवाळ्यात साडेदहा). म्हणजे खरा प्रवास सव्वाएकवीस तासांचा: फ्रँकफर्टपर्यंत साडेआठ, तिथे चार तास बसून राहायचं, पुढे पावणेनऊ.

वळसा नको म्हणून आधी मी फ्रँकफर्ट टाळत होतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा करत जाते. मग भाचीच्या जुन्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला. दोरा सरळ वर रशियात, तिथून आइसलँड आणि ग्रीनलँडकडे! मुंबई ते नेवार्क थेट अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे आणि फ्रँकफर्टमार्गे जेमतेम सव्वादोनशेने जास्त. एवढ्या प्रवासात ते सातारा-पुणे दोनदा केल्यासारखं. वेळ खातो तो विमानतळावरचा मुक्काम. दहा हजार रुपये वाचवायला अकरा तासांचा थांबा मी घेणारच होतो. सत्तरीच्या बाईला घेऊन तो वेडेपणा ठरला असता.

आणखी एक फजिती थोडक्यात टळली. तिकिटावर १२ तारीख होती, पण रात्री दीडचं विमान म्हणजे घर सोडायचं ११ तारखेला दुपारी. गाडीवाल्याला मी १२ च सांगून बसलो होतो.

मग एका कागदावर सगळा प्रवास भारतीय वेळेत लिहिला. साताऱ्याहून दुपारी दोन, खंबाटकी, खंडाळा, पनवेलची कोंडी, विमानतळ रात्री नऊ. फ्रँकफर्ट सकाळी दहा, नेवार्क रात्री पावणेअकरा. डॉक्टरांनी त्याच कागदावर गोळ्या आणि खाणं आखून दिलं. आईने घड्याळाला हात लावायचा नाही, एवढाच नियम. इमिग्रेशनची रांग धरून ताईच्या दारात पोचलो तेव्हा त्या घड्याळात रात्रीचा एक वाजला होता, बाहेर रणरणतं ऊन. घर ते घर पस्तीस तास.

परतीचं तिकीट पाहून ताई उसळली. मंगळवारी संध्याकाळी सहाला निघून गुरुवारी पहाटे एकला मुंबई! "एकतीस तास? अटलांटिकवर पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, परतताना उलट कमी वेळ लागायला हवा. आईला कुठे फिरवून नेतोयस?"

मी तोंड उघडायच्या आत आईने पेन्सिल उचलली आणि एकतीसमधून साडेनऊ वजा केले.