रिमोट आईच्या हातात

भयपट घरी बघण्यात एक मोठी सोय आहे आणि तीच त्याची गोची आहे: तो थांबवता येतो. पुण्यात अलका नाहीतर राहुल थिएटरात इंग्रजी भयपट लागला की मागच्या रांगेतली पोरं मुद्दाम किंचाळायची, सगळं थिएटर हसायचं आणि त्या हशात आपलं घाबरणं खपून जायचं. घरात ते नाही. दूध उतू जातं, कुरिअरवाला बेल वाजवतो, कोणीतरी पॉज दाबतं आणि पडद्यावरचा खुनी पाच मिनिटं तोंड वासून ताटकळतो. चेहरा कितीही भयंकर असो, इतका वेळ बघितला की बावळटच दिसायला लागतो.

परवा 'द शायनिंग' पुन्हा बघितला तो असाच, तुकड्यातुकड्यांत, कोथरूडच्या हॉलमध्ये, शेजारी मटार सोलत बसलेल्या आईबरोबर. स्टीफन किंगची 1977 सालची कादंबरी, तिच्यावरचा स्टॅनली क्युब्रिकचा 1980 सालचा सिनेमा. जॅक टॉरन्स नावाचा माणूस हिवाळ्यात बंद राहणाऱ्या डोंगरातल्या हॉटेलची राखण करायला बायको-मुलाला घेऊन जातो. त्याला लिहायचं असतं, शांतता हवी असते. पुढे काय होतं ते न बघितलेल्यांनाही साधारण ठाऊक असतं: तो वेडा होतो आणि कुऱ्हाड घेऊन बायको-मुलाच्याच मागे लागतो.

कॉलेजात असताना मी तो व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर बघितला होता. तेव्हा भीतीची आमची कल्पना नारायण धारपांनी पक्की करून ठेवलेली. ते पुण्याचेच. लायब्ररीतून आणलेलं, कोपरे दुमडलेलं त्यांचं पुस्तक रात्री संपवायचं आणि मग पाणी प्यायला स्वयंपाकघरापर्यंत जायची छाती होत नसे. भीती म्हणजे अंधार, माळा, कुलूप लावलेली खोली. त्या मानानं हे हॉटेल म्हणजे लखलखाट! एवढे दिवे लावून कोण घाबरणार, असं तेव्हा वाटलं होतं. लक्षात राहिल्या त्या फक्त दोन जुळ्या मुली आणि लिफ्टमधून लोटणारं रक्त. चौकोनी टीव्हीसाठी काढलेल्या प्रतींमध्ये चित्र खालीवर जास्त दिसायचं, त्यामुळे सुरुवातीच्या हवाई दृश्यात हेलिकॉप्टरची सावलीसुद्धा डोंगरावरून पळताना दिसायची. आम्हाला कुणाला ती दिसली नाही. आम्ही भूत शोधत होतो.

आईला भुतात काडीचा रस नाही. जुळ्या मुली आल्या तेव्हा ती शेंगेत अळी निघाली म्हणून तिकडे बघत होती. तिनं मान वर केली ती भलत्याच जागी. हॉटेलात जाण्याआधी मुलाला बघायला डॉक्टरीणबाई घरी येतात. बोलता बोलता बायको, वेंडी, सांगते की नवऱ्यानं एकदा मुलाचा हात ओढला आणि खांदा निखळला. अपघातच तो, मुलानं कागद विस्कटले होते, जरा जोर जास्त झाला, एवढंच. आणि बघा, त्यातून चांगलंच झालं, त्यानं दारू सोडली. हे सगळं ती हसऱ्या चेहऱ्यानं सांगते. हातात सिगरेट. ओढायची राहूनच जाते, राख वाढत वाढत लांब होते, वाकते, पण झटकायचं तिला सुचत नाही.

"ती राख बघ," आई म्हणाली आणि रिमोट घेऊन तिनंच पॉज केला. "अगं, ही आधीपासून घाबरलेली आहे. हॉटेलाचं काय घेऊन बसलात!"

मी कॅसेटवर बघितलेल्या सिनेमात हा प्रसंग नव्हताच. अमेरिकेत चालला तो 'शायनिंग' 144 मिनिटांचा. युरोपसाठी क्युब्रिकनं तो स्वतःच कापून 119 मिनिटांवर आणला. त्या कात्रीत डॉक्टरीणबाई गेल्या. आता गंमत बघा. मुलाच्या हाताची हकीकत सिनेमात दोनदा येते. बायको सांगते त्यावरून ती पाच महिन्यांपूर्वीची वाटते. पुढे जॅक बारमध्ये तीच गोष्ट सांगतो तेव्हा म्हणतो, तीन वर्षं झाली त्याला, तरी ही बाई मला विसरू देत नाही. छोट्या प्रतीत तुम्ही फक्त त्याचंच ऐकता. साक्षीदारच कापला की खटला कसा सोपा होतो!

किंगला हा सिनेमा कधीच आवडला नाही. इंजिन नसलेली देखणी कॅडिलॅक, असं तो म्हणायचा. त्याची मुख्य तक्रार अशी की कादंबरीतला जॅक मुळात भला माणूस आहे, हळूहळू घसरतो. सिनेमातला जॅक, म्हणजे नट जॅक निकल्सन, मात्र सुरुवातीच्या नोकरीच्या मुलाखतीपासूनच वेडसर दिसतो. शेवटी 1997 मध्ये किंगनं आपल्या मनासारखी टीव्ही मालिका करून घेतली. त्याचं दुखणं मला कळतं. तो स्वतः दारूशी झगडलेला बाप होता. जॅकला वाचवायला निघालेल्या लेखकाला त्याचा असा राक्षस झालेला कसा रुचेल? पण माझं मत क्युब्रिकच्या बाजूनं पडतं. कादंबरी बरीचशी बापाच्या मनातून दिसते. लांब प्रतीतला सिनेमा जेवणाच्या टेबलापलीकडून दिसतो, जिथे बायको नवऱ्याचा मूड बघून तोंड उघडते.

टाइपरायटरचा प्रसंग आला. वेंडी कौतुकानं विचारायला जाते, आणि तो शांतपणे तिला नियम समजावतो: मी या खोलीत असलो की काम करतोय, टाइप करत असलो काय, नसलो काय, आत यायचं नाही. यात ना भूत, ना कुऱ्हाड. मी घरी लिहिते तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे त्याच्या त्या प्रचंड रिकाम्या दालनाचा क्षणभर हेवा वाटला, तो भाग वेगळा.

त्या काळी वेंडीच्या भूमिकेसाठी शेली डुव्हालला सर्वात वाईट अभिनेत्रीच्या रॅझी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं. देणाऱ्यांनी ते 2022 मध्ये मागे घेतलं, म्हणजे चाळीसेक वर्षांनी. दोन वर्षांनी ती वारली.

जॅक बर्फात गोठला, मटारही संपले. आईनं विचारलं, "पुस्तकात तरी सुधारतो का तो?"

मी सांगितलं की क्षणभर भानावर येतो, मुलाला पळ म्हणतो. मग तळघरातला बॉयलर फुटतो आणि हॉटेल जळून जातं. त्या बॉयलरचा दाब रोज उतरवायचा असतो, तेच नेमकं राहून जातं.

"घ्या," आई सालं गोळा करत म्हणाली, "म्हणजे पगार ज्या कामाचा, तेवढंही केलं नाही!"