आमची वाटचाल : विरी, सादळ आणि पाण्याचा वार

पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, आहे की गेली, हे मला चिमटीत कळतं. यात माझं कौतुक नाही, वडिलांच्या गिरणीत पीठ अंगावर घेतच वाढलो. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेनं चिरते आणि बाई गिरणीवाल्याच्या नावानं बोटं मोडते. २०११ साली गिरणीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत तीन चुली मांडल्या आणि चार बायकांना घेऊन कडक भाकरी सुरू केली, तेव्हा भांडवल म्हणावं तर एवढंच होतं.

कडक भाकरीला मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी लागते, थापणारा हात लागतो आणि कोरडी हवा लागते. हवेचा हिशेब आम्ही कधी धरलाच नव्हता. सोलापुरात ती फुकट मिळते अशीच समजूत.

पहिला चटका ज्वारीनं दिला. आमचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, डोक्यावरच्या पावसापेक्षा रानातल्या ओलीवर येतो. भाद्रपदाच्या आसपास पाऊस व्हावा, काळ्या रानाला वापसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, यावी, पेरणी व्हावी, मग थंडीवर आणि मुरलेल्या ओलीवर कणीस भरावं. मोहोळच्या संशोधन केंद्रातलं एम ३५-१ हे मालदांडीचं वाण याच बेतावर इतकी वर्षं चाललं. २०१५ ला ओलच नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात उजनी धरण मृतसाठ्यात गेलं, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं आणि आम्ही पीठ मळायलासुद्धा टँकरचं पाणी विकत घेतलं. २०२० ला उलटं. १४ ऑक्टोबरला उपसागरातून आलेलं वादळी पावसाचं चक्र जिल्ह्यावरून गेलं आणि नुकतं पेरलेलं रान धुऊन गेलं. २०२३ तर चेष्टाच. संयुक्त राष्ट्रांनी ते भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. पुण्या-मुंबईहून फोनवर फोन, ‘मिलेट भाकरी आहे का?’ आणि नेमकी त्याच वर्षी पावसानं ओढ दिली. मागणी दारात, ज्वारी भावात.

ऐन पौषात आभाळ भरून येतं, मावा ही कीड पडते, पानांवर चिकटा. फेब्रुवारीत अवकाळी आला की उभा शाळू लोळतो आणि दाणा काळा पडतो. त्या दाण्याची भाकरी काळसर होते, आणि गिऱ्हाईक म्हणतं शिळी दिली. त्याला कणसावर पडलेल्या पावसाची गोष्ट कुठं सांगत बसणार?

शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात ऐकलं, हवा एका अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणजे तापते तेव्हा रानाची ओल ओढून घेते, आणि सोडते तेव्हा एका रात्रीत सोडते. बाकी भाषणं विसरलो. सभागृह एसी होतं, डुलकी लागली.

आता बायकांचं सांगतो, कारण खरी वाटचाल त्यांचीच आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. त्यात वर पत्रा, पुढं चूल. २०१९ च्या उन्हाळ्यात एक मावशी तव्यापुढंच भोवळ येऊन कलंडल्या. मी घाबरलो आणि लगेच वेळ बदलली: पहाटे चार ते नऊ. मोठा शहाणपणा केला असं वाटलं. दोन आठवड्यांनी थापायला सगळ्यांत जुन्या अक्का म्हणाल्या, “मालक, तुमचं चारचं बरोबर हाय. पण आमचं पाणी बी चारलाच येतंय.”

शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्या पहाटे घरी नसलं तर पुढचे चार दिवस कोरडे. म्हणजे पाणी भरायचं की मजुरी, यांतलं एकच. शिवाय मजुरी नगावर. तास कमी झाले तशा भाकऱ्या कमी झाल्या, आठवड्याचा पगार जवळपास पावानं घटला. हे वहीत माझ्याच अक्षरात होतं, मी बघितलं नव्हतं. ऊन काही मी पाडलं नव्हतं, पण त्याची पावती बायकांच्या नावावर फाडली होती. यांतल्या बऱ्याच जणी आधी विड्या वळायच्या. अक्का एकदा हसत म्हणाल्या, “विडीत पैसा कमी, पण चूल नव्हती.” मला काही हसू आलं नाही.

तेव्हापासून भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत. एक सणांचं, दुसरं कुणाच्या गल्लीत कुठल्या वारी पाणी येतं त्याचं. पाण्याच्या वारी त्या बाईला चूल नाही. ती साडेनऊला येते आणि पॅकिंग करते, रोजावर. उन्हाळ्याचे दोन महिने नगाचा दर वाढवतो. पत्र्यावर पाचट टाकलं, चुना मारला, धुराडं उंच केलं. भाकरीमागं एक रुपया वाढवला, तेव्हा दोन दुकानं तुटली. तुटू दिली.

कोरड्या हवेचा हिशेब २०२५ नं शिकवला. आषाढीसाठी मेमध्येच माल करून ठेवायची आमची रीत. त्या वर्षी मे महिनाच पावसाळ्यासारखा गेला, राज्यात मान्सूनही मेअखेरीस येऊन थडकला. भाकऱ्या सादळल्या. एका दुकानानं चारशे पाकिटं परत पाठवली, आणि त्याचं चुकलं म्हणता येत नाही. सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. मोहोळकडचे आमचे एक शेतकरी दरवर्षी चाळीस पोती देतात. त्यांची साठवलेली ज्वारी भिजून मोडावली, कडबा वाहून गेला, दिवाळी झाली तरी रानात पाय रुतत होता. त्यांना पुढच्या ज्वारीची उचल आत्ताच दिली आहे. बायको म्हणते हा धंदा नव्हे. असेल.

आता ज्वारी तीन तालुक्यांतून घेतो, आणि एका वर्षाची बेगमी कडुलिंबाचा पाला घालून कोठीत ठेवतो. पाकिटं जाड आणि सीलबंद केली.

ऑर्डर देताना पावसाळ्यात आठवडाभर जास्त धरा. आणि फोन साडेनऊनंतर करा. त्याआधी फोन अक्का उचलतात, आणि त्यांचे हात पिठाचे असतात.