मार्चमधल्या अवकाळी ढगामागे: माझा अनुभव

जळगाव-यावल पट्ट्यात अवकाळीचे ढग बघायला निघालो की मी एक नियम मोडत नाही: ढगाच्या पुढ्यात थांबायचं नाही, मागून जायचं.

हवा चिकट असेल आणि दुपारी बाराच्या आतच सातपुड्यावर फुलकोबीसारखे ढग चढायला लागले, तर गाडीत पेट्रोल भरून ठेवतो. मग इन्सॅट या हवामान उपग्रहाची लागोपाठची तीन चित्रं बघतो. पांढरा ठिपका कुठून कुठे सरकला ते कळलं की वाट ठरते. मार्चमध्ये ती बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे असते. म्हणून ढग पुढे जाऊ दिला की मावळतीचं ऊन आपल्या पाठीमागून थेट त्याच्यावर पडतं. ऐरणीसारखा पसरलेला माथा आणि त्याखाली लोंबणाऱ्या पिशव्या तेव्हाच लख्ख दिसतात. काय सुंदर दिसतं ते!

पुढ्यात धोका वाऱ्याचा. या दिवसांत ढगाखालची हवा कोरडी असते. पाऊस जमिनीला टेकण्याआधीच बराचसा वाळतो, त्यानं हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते व चहूकडे पसरते. थेंब पडण्याआधी धुळीची भिंत येते. रस्ता दिसत नाही, निंबाच्या फांद्या आणि विजेच्या तारा आडव्या येतात, घड लागलेल्या केळी मोडतात.

विजेसाठी दामिनी ॲप आहेच, तरी सेकंद मोजतो. चमकल्यापासून गडगडाटापर्यंतच्या सेकंदांना तीनाने भागलं की किलोमीटर मिळतात. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. वीज त्याहून जवळ आली की बंद चारचाकीत, काचा वर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उतरायचं नाही. मोटारसायकलवर हा नाद करूच नये. झाडाखाली थांबणं त्याहून वाईट.

विजेचा फोटो अंधार पडल्यावर, गाडीतूनच: कॅमेरा डॅशबोर्डवर घट्ट टेकवून, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/८ (भिंगाच्या छिद्राचं माप), शटर १५ सेकंद उघडं. फोकस लांबच्या दिव्यावर हाताने लावायचा, आपोआप लागणारा अंधारात भरकटतो.

गारा थांबल्या आणि तो अर्धा तास उलटला की लगेच उचलायच्या आणि पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्यायचा; 'लिंबाएवढी' म्हणण्यात अर्थ नाही. मोठी गार सुरीने मधोमध कापली की आत पांढरी आणि काचेसारखी वलयं दिसतात. पाणी झटकन गोठलं की हवेचे बुडबुडे अडकून पांढरा थर होतो, सावकाश गोठलं की पारदर्शक.

झोडपलेल्या वावरात मालकाला विचारल्याशिवाय शिरत नाही. तारीख-वेळेसकट काढलेले फोटो त्यांना तिथेच देतो. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत गारा वितळलेल्या असतात.